बाराशे रुपये

डिसेंबरातल्या एका रविवारी मी एका अनोळखी बाईशी खोटं बोलले. कुणी बोलायला लावलं नव्हतं आणि त्यात माझा छदामाचा फायदाही नव्हता. पुण्यातलं हस्तकलांचं प्रदर्शन, संध्याकाळची गर्दी, एका अंगाला हुरडा भाजल्याचा धूर, दुसऱ्या अंगाला मांडे करणाऱ्या बाईभोवती मोबाइल उंच धरून उभी असलेली माणसं. मधल्या एका गाळ्यात घोंगड्या होत्या. म्हणजे घोंगड्या दोनच, मागे टांगलेल्या. पुढे टेबलावर त्याच लोकरीच्या लॅपटॉपच्या पिशव्या, चपला, कपाखाली ठेवायच्या चकत्या आणि गुंडाळून दोरीने बांधलेल्या योगासनांच्या पट्ट्या. टेबलाशेजारी सतरंजीवर एक आक्का चरख्यावर सूत काढत बसल्या होत्या. साठीच्या असाव्यात. इरकली लुगडं, कपाळावर गोंदण, हातात हिरवा चुडा. त्यांच्या डोक्यावर कागद लावला होता : ‘थेट प्रात्यक्षिक’. लोक फोटो काढत होते आणि आक्का कुणाकडेच बघत नव्हत्या. मी एक पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी करत होते, तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, “ताई, त्या चिठ्ठीवर किती लिवलंय वं? जरा वाचून सांगा की.”

चिठ्ठीवर ३,८५० लिहिलं होतं.

मी म्हणाले, “बाराशे.”

“बाराशे?”

“हो.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चाक फिरवलं आणि सूत तुटलं. दोन्ही टोकं बोटाला थुंकी लावून त्यांनी पिळून जोडली, पुन्हा चाक फिरवलं. मी पट्टी होती तशी गुंडाळून ठेवली आणि थालीपीठ खायला गेले.

बाराशेच का, हे मला आजही सांगता येणार नाही. हजार फार गोल वाटलं असतं, दोन हजार जड. माझी सगळी हयात हिशेबाच्या टेबलावर गेली, त्यामुळे खोटा आकडासुद्धा खरा वाटेल असाच तोंडात आला असणार. थालीपीठ खाताना मी स्वतःची समजूत घातली की बाईंना उगाच वाईट वाटलं असतं. आपण दिवसभर राबून काढलेल्या सुताची वस्तू पावणेचार हजारांना विकली जाते आणि आपल्या हातात काय पडतं, हे त्यांना असं परक्या गावात, गर्दीत, माझ्या तोंडून कशाला कळायला हवं? विचार बरा वाटला. रात्री मात्र तो बरा वाटेना. मी नक्की कुणाला वाचवलं होतं? आक्कांना, स्टॉल चालवणाऱ्या त्या पोरीला, की ती पट्टी विकत घ्यायला निघालेल्या मला? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तुला काय करायचंय? उद्या सोमवार आहे.” त्याचंही बरोबर होतं.

तर हे घोंगडं तेव्हापासून भिजत पडलं. ही म्हण ज्याने कुणी केली त्याने ओलं घोंगडं कधीतरी नक्की उचललेलं असणार. कोरडं असताना ते एका हाताने खांद्यावर टाकता येतं. एकदा पाणी प्यालं की दोघांनी मिळून पिळायचं म्हटलं तरी पिळलं जात नाही आणि श्रावणात तीन-तीन दिवस वाळत नाही. माझ्या आजोळी, खटाव तालुक्यात, पडवीतल्या दांडीवर एक काळं घोंगडं कायम असायचं. आजोबा पावसात त्याची खोळ करून डोक्यावरून घ्यायचे आणि रानात जायचे. परत आले की त्यांच्याआधी वास घरात यायचा : ओल्या लोकरीचा, मेंढराचा, विडीचा, चुलीच्या धुराचा, सगळा एकात एक. आम्हा मुलांना ते टोचायचं. उघड्या पोटरीला लागलं की खाज सुटायची. तरी थंडीत भांडण व्हायचं ते त्याच्याच टोकासाठी. पाहुणा आला की तेच अंथरायचं, जागरणाला चौक भरायचा तो त्याच्यावरच, बाळंतिणीच्या बाजेवर तेच, आणि उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला मात्र अजिबात नाही, कारण केस चिकटतात. आता व्हॉट्सॲपवर घोंगडीवर झोपल्याने जाणाऱ्या आजारांची जी यादी फिरते, तिच्यातले निम्मे आजार माझ्या आजोबांना होते.

घोंगडी विकायला सणगर यायचा, म्हसवडकडचा. खांद्यावर चार-पाच घोंगड्यांची चवड. आजी त्याला ओसरीवर बसवायची, गुळाचा चहा द्यायची आणि मग तासभर घासाघीस. ती दशा, म्हणजे टोकाची सुटी सुतं, ओढून बघायची, उजेडासमोर धरून बघायची, “विरळ आहे, यातून चाळणीसारखा वारा येईल” म्हणायची. तो शपथा घ्यायचा. शेवटी निम्मे पैसे आणि निम्मी ज्वारी असा सौदा व्हायचा. आजी जिंकल्यासारखी आत यायची. मला त्या सणगराचा चेहरा आठवतो, त्याची पितळी डबी आठवते. ते सूत कुणी काढलं असेल हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही, आजीलाही पडला नसावा. घोंगडी सणगर विणतो, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याच्या घरातली बाई लोकर निवडते, पिंजते, कातते, चिंचोक्याची खळ शिजवते, मग तो विणतो, हे मी पन्नाशी उलटल्यावर पाहिलं.

आणखी एक आठवण यात उगाच घुसते. उगाच नसेलही. माझी आई साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. वाड्यातल्या बायका साडी आणून द्यायच्या आणि न्यायला आल्या की तोंडभरून कौतुक करायच्या. एक काकू होत्या, त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “तुमच्या हाताची किंमतच होऊ शकत नाही हो!” आणि खरोखरच त्या किंमत करायच्या नाहीत. कधी चार केळी, कधी वाटीभर शिरा. आईने कधी मागितले नाहीत. एकदा फक्त, त्या गेल्यावर, शिऱ्याची वाटी ओट्यावर ठेवत ती म्हणाली, “रिळाचे पैसे तरी द्यायचे.” मी तेव्हा सातवीत होते. त्या स्टॉलवर पट्टीच्या दुसऱ्या बाजूला एक सुंदर छापील पुठ्ठा होता : ‘हिच्या हातांची ऊब, तुमच्या घरात.’ खाली आक्कांचा हसरा फोटो. ऊब, माया, वारसा, परंपरा. हे शब्द वाचले की मला ती शिऱ्याची वाटी दिसते. त्या पुठ्ठ्यावर हातांना किती मिळतात हे लिहिलेलं नव्हतं, आणि मी आक्कांना बाराशे सांगून त्या न लिहिण्यात माझी भर घातली होती.

मार्चमध्ये एका लग्नासाठी दहिवडीला जायचं झालं. पुठ्ठ्यावर पत्ता होता. लग्न दुपारचं होतं, मी आदल्या दिवशीच निघाले. जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण सोडलं की हिरवा रंग हळूहळू कमी होत जातो आणि माणदेश सुरू होतो : बोडके माळ, बाभळी, कोरडी माणगंगा, आणि लांबवर मेंढरांचा एक काळा डाग सरकत असतो. गाव म्हसवडच्या अलीकडे. पत्र्याची एक शेड, बाहेर लिंबाच्या सावलीत सात-आठ बायका. आक्का तिथे होत्याच. त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा ओळखल्याचं दाखवलं नाही.

संस्था चालवणारी मुलगी तिशीची, वस्त्रशास्त्र शिकलेली. ती ‘सामाजिक उद्योग’ हा शब्द फक्त अर्ज भरताना वापरते, असं तिनेच हसत सांगितलं. ‘सक्षमीकरण’ तर त्या शेडमध्ये मी दिवसभरात एकदाही ऐकलं नाही. तिथले शब्द म्हणजे काम, किलो, शनिवार, गट, हप्ता. शनिवारी पैसे होतात. कताईचे किलोवर, पिंजण्याचे किलोवर, शिवणाचे नगावर. भिंतीवर फळा, त्यावर खडूने प्रत्येक कामाचं चित्र आणि समोर दर. चरख्याचं चित्र कुणीतरी फार हौसेने काढलेलं होतं.

लोकर बघायची म्हणून मी गोणीत हात घातला. आत काटे, गोखरू, वाळलेल्या लेंड्या, आणि हाताला लागणारा तो तेलकटपणा. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. मेरिनोचा केस विशीच्या आसपास मायक्रॉनचा, हिचा त्याहून बराच जाड. त्यामुळे स्वेटरच्या गिरणीला ती नको असते. पावसात मात्र तोच जाडपणा कामाला येतो, पाणी पटकन आत शिरत नाही. धनगरांचा हिशेब आता लोकरीवर राहिलेला नाही. मेंढरू मटणासाठी पाळायचं, म्हणून जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच, पोपटनाकी जात कळपात आणायची. तिच्या अंगावर केस जास्त, लोकर थोडी. जी लोकर निघते तिचे पैसे कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाहीत, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती रानातच टाकून देतात. “आमी टाकलेली लोकर इकत घेतो म्हटल्यावर पयल्या साली धनगरं हसायची,” शेजारची बाई म्हणाली. त्यांच्यात सगळ्यांत मान जावळाला, कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला. आक्कांनी एका फडक्यात बांधून ठेवलेलं जावळ मला दाखवलं. हातात घेतलं तर काही घेतल्यासारखं वाटलं नाही, इतकं हलकं.

बायका निवडत होत्या, काटे काढत होत्या, रंगाप्रमाणे ढीग लावत होत्या : काळा, करडा, पांढरा. रंगवणं नाही, मेंढीचा जो रंग तोच. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून आक्का पुढे ठेवायच्या आणि मग चरखा. मी स्टॉलवर जे ‘प्रात्यक्षिक’ म्हणून पाहिलं होतं ते इथे बसून पाहताना वेगळंच दिसलं. डावा हात मागे मागे जातो, खांद्याच्याही मागे, पेळूतून सूत निघत राहतं. मग हात एकदम पुढे येतो आणि सूत चातीवर गुंडाळलं जातं. दर वेळी खांदा पूर्ण फिरतो. मी मनातल्या मनात मोजायला लागले, मिनिटाला किती, तासाला किती, आणि मध्येच सोडून दिलं. आक्का मात्र बोलत होत्या. नातवाच्या बारावीबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल. शेडच्या मागे ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, ताणलेला होता, पंधरा-वीस फूट लांब, दोन्हीकडे खुंटे, आणि एक माणूस चिंचोक्याच्या खळीत बुडवलेला कुंचा त्याच्यावरून मारत चालला होता, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. चिंचोके भाजून, भिजवून, कुटून, शिजवून ती खळ करतात. तिचा आंबूस वास सगळ्या अंगणात. ऊन लागतं तिला, म्हणून पावसाळ्यात हे काम बसतं. ते चार महिने ही संस्था कशी तगते हे विचारल्यावर मुलगी म्हणाली, “कर्जावर.” मागावर पुरुषच होता. खड्ड्यात पाय सोडून बसलेला. “बायका विणायला बसत नाहीत का?” असं मी विचारलं. दोघी शिकल्यात, एक लग्न होऊन गेली, असं उत्तर मिळालं. आणि आक्कांची सून कताईला बसत नाही, तिला शिवणाचं मशीन हवं. “खांदा जातू,” एवढंच आक्का म्हणाल्या.

चहा आला तेव्हा मी कबूल करायचं ठरवलं. शब्द जुळवत होते, तेवढ्यात आक्काच म्हणाल्या, “तुमी त्या बाराशेवाल्या न्हवं?”

शेडमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणजे ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

“तुमी बाराशे म्हणाला आन माझी झोप उडाली बगा. म्हटलं, पोरीनं भाव पाडला. माल खपंना म्हणून पाडला आसंल. बाराशे म्हंजे काय, त्यात लोकर आन सूतच निघतंय. इणणाऱ्याला काय द्याचं? शिवणारीला काय? त्या गाळ्याचं भाडं? म्हंजे आता शनवारी आमचा दर खाली येणार. रातभर हिशेब केला. त्या धर्मशाळंत वर पंखा घरघरतोय आन मी आपली बोटं मोजतीय.” सकाळी उजाडल्याबरोबर आक्कांनी त्या मुलीला विचारलं होतं. मुलीने चिठ्ठी वाचून दाखवली. शेडच्या फळ्यावर पट्टीची किंमत होती ३,५००, पुण्यात गाळ्याचं भाडं धरून ३,८५० केली होती. आक्कांना तेवढंच बघायचं होतं, पुण्याला नेल्यावर किती वाढवतात ते.

मी म्हणाले, “मला वाटलं, तुम्हाला वाचता...”

“वाचता येतं की. चौथी शिकलीय. चष्मा घरी इसरला हुता.”

मला एकदम म्हसवडचीच ती बँकेची गोष्ट आठवली. माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण बँक काढणाऱ्या बायका अंगठे लावणाऱ्या. मग त्या लिहायला शिकल्या, बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांबरोबर पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ साली बँक उभी राहिली. ही गोष्ट मी आमच्या ऑफिसात महिला दिनाच्या भाषणात सांगितलेली आहे. टाळ्याही घेतल्यात. आणि त्याच मुलखातल्या बाईने किंमत विचारली तेव्हा तिला अक्षर येत नाही, आकडा पेलणार नाही, असं मी एका क्षणात, तिचा चष्मा कुठे आहे हेही न बघता, ठरवून टाकलं होतं.

“पर तुमी खोटं का बोलला?” दुसऱ्या एका बाईने विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

मी काहीतरी पुटपुटले. वाईट वाटेल म्हणून, असं काहीसं. त्यावर आक्का हसल्या नाहीत. थोडा वेळ चाकाकडे बघत राहिल्या. “मला वाईट वाटंल म्हणून तुमी दर पाडला व्हय,” त्या म्हणाल्या आणि शेजारणीला कोपर मारलं. मग मात्र सगळ्याच हसल्या, मीही हसले, पण कान तापले होते.

मुलीने मला नंतर वही दाखवली, मी न मागता. हिशेबाच्या टेबलावरची माणसं एकमेकांना ओळखतात बहुतेक. पट्टीच्या किमतीतले पैसे कुठे कुठे जातात ते सगळं लिहिलेलं होतं, कातरणाऱ्यापासून पॅकिंगच्या पुठ्ठ्यापर्यंत. बायकांच्या वाट्याला यावेत असं मला वाटत होतं तेवढे येत नव्हते, आणि मी मनात धरलं होतं त्यापेक्षा बरेच जास्त येत होते. दोन महिन्यांपूर्वी एका मोठ्या गिऱ्हाईकाने माल नेऊन पैसे थकवले होते, तिथे लाल पेनाने गोल केलेला होता. त्या पुठ्ठ्यावरचं वाक्य कुणी लिहिलं हेही मी विचारलं. “एका एजन्सीनं. फुकट करून दिलं,” ती म्हणाली, आणि मग जरा अवघडून, “तुम्ही सुचवा ना दुसरं.” मला काही सुचलं नाही. भिंतीवरचा फळाच छापावा असं मनात आलं, पण फळा वाचून पट्टी कोण घेईल, असंही लगेच मनात आलं. मी बोलले नाही.

निघताना मी घोंगडी घ्यायची ठरवली. पट्टी नको, पिशवी नको, साधी काळी घोंगडी, दोन पट्ट्या मधोमध जोडलेली, दोन्हीकडे दशा. आक्कांनी ती झटकून माझ्या पुढ्यात पसरली, तर तोच वास आला, आजोबांची विडी वजा जाता. मी आजीसारखी उजेडासमोर धरून बघितली. वारा येईल असं कुठे दिसलं नाही.

“कितीला?” मी विचारलं.

आक्कांनी गळ्यातल्या दोरीला लटकलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, चिठ्ठी जवळ धरून नीट वाचली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “बाराशेला न्हाय मिळायची.”

मी नोटा काढल्या. त्यांनी बोटाला थुंकी लावून मोजल्या, दोनदा.